गॅप सर्टिफिकेट

शिवाजीनगर कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या टायपिस्टने
मान वर न करता विचारलं,
"गॅपचं कारण?"

म्हटलं, मागच्या वर्षी शेवटच्या रात्री साइट बसली.
अकरा एकोणसाठला ते गोल चाक फिरतच होतं,
बाराला फॉर्म गेला,
नळाचं पाणी जातं तसा, आधी फुसफुसून.

"एवढं मावत नाही. घरगुती कारणास्तव टाकतो.
सगळे तेच टाकतात."

आणि बडवलं त्यानं:
मी, शमा दस्तगीर आतार, वय बावीस, राहणार कोंढवा खुर्द,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर कालावधीत
मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही,
कोठेही नोकरी केलेली नाही,
व कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.

सही करताना पेन अडलं.
पेन वाईट होतं, असं त्याला वाटलं. दुसरं दिलं.

सदर कालावधीत
मी गणेशखिंडीच्या रस्त्यावर, गोगावलेकाकांच्या झेरॉक्सच्या दुकानात
सकाळी नऊ ते रात्री आठ उभी होते.
मशीनचा उबारा पोटाला लागायचा,
टोनर नखांत, बिस्किटावर, आईच्या उशीवरही.
जर्मनीला निघालेल्या मुलाच्या चौदा ट्रान्सक्रिप्ट,
चौदा पाकिटं, प्रत्येकावर जिभेऐवजी ओला स्पंज.
बावन्न वर्षांचे एक गृहस्थ, एलएलबीचा फॉर्म,
दहावीची गुणपत्रिका घडीवर फाटलेली,
काचेवर ठेवताना म्हणाले, हळू, बाई.
अख्ख्या पुण्याचे मार्क मला माहीत होते.
कुणाला गणितात पस्तीस, हे मी घरीसुद्धा सांगितलं नाही.

आणि ती उद्दिष्टांची पत्रं, दोन-दोन पानांची.
लहानपणापासून मला... अशीच सुरू होणारी.
कुणाला लहानपणापासून पूल बांधायचे,
कुणाला लहानपणापासून सप्लाय चेन.
मला लहानपणी बसमध्ये खिडकी हवी असायची, एवढंच आठवतं.

गैरकृत्याचं म्हणाल, तर
एका मुलीच्या पत्रात एक वाक्य मी खोडलं,
प्रिंट देण्याआधी, तिला न विचारता.
"माझ्या मर्यादांची मला जाणीव आहे" असं होतं ते.
नंतर ती पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले.

वाया गेलेले कागद काका रद्दीत द्यायचे नाहीत.
"पाठ कोरी आहे," म्हणायचे, "ने तू."
तर माझं सगळं स्टॅटिस्टिक्स
लोकांच्या मार्कांच्या पाठीवर झालंय.
बायनॉमियल सोडवताना
पलीकडून एक अनोळखी नाव उलटं दिसायचं,
काळं, फिकट, आरशातल्यासारखं.
त्या नावाचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.
शक्यता काढता येते. पण ते वेगळं.

यंदा फॉर्म चार दिवस आधीच भरला.
"गॅप असल्यास कारण, पन्नास अक्षरांत."
कर्सर लुकलुकत राहिला. अब्बांनी चहा आणला, बशीसकट,
मागं उभं राहून वाचलं, काहीच बोलले नाहीत,
मग म्हणाले, "लिही की, काम करत होते."
स्टँपपेपर म्हणतोय, नव्हते.
दोन्ही जोडले तर फॉर्म बाद होईल, मी म्हटलं.
ते बशी घेऊन आत गेले.
घरगुती कारणास्तव. मी मोजली. मावलं.

काल कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात गेले,
काउंटरच्या अलीकडून, पहिल्यांदाच.
तिथं नवीन मुलगा. झाकण नीट दाबत नाही,
कडेला काळा पट्टा येतो. मी बोलले नाही.
मग बोलले. त्यानं दाबलं.
झाकणाच्या फटीतून तो हिरवट उजेड
माझ्या नावाखालून सरकत गेला.

एकोणीस पानं. अडतीस रुपये.
मी पिशवी उचलून सवयीनं निघाले.
काकांनी हात पुढं केला.
चाळीस घेतले, गल्ल्यात दोनाचं नाणं शोधलं,
मिळेना, तरी शोधलं,
आणि ते माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले,
"आता तू गिऱ्हाईक."